कारवानी, पश्मी, राजापालयम: देशी कुत्री पाळणाऱ्यांचे प्रश्न

मी पशुवैद्य आहे. देशी जातींच्या कुत्र्यांवर याआधी लिहिलं, त्यानंतर बरेच प्रश्न आले. त्यातले काही निवडून इथे उत्तरं देतो आहे. एकाच अडचणीचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, दोघंही नोकरी करतो. देशी जाती संपत चालल्यात असं वाचून लॅब्रॅडॉरऐवजी मुधोळ हाउंड घ्यायचं ठरवलंय. एवढा तरी हातभार लागेल ना?

तुमची कळकळ खरी आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी मुधोळ, राजापालयम, चिप्पीपराई, कन्नी, कोंबाई या देशी जातींची नावं घेतली, तेव्हापासून माझ्याकडेही पिल्लांसाठी विचारणा वाढली. दीड-दोन वर्षांनी त्यातलीच काही कुत्री ‘कुणाला हवंय का’ म्हणत परत आली. कुत्र्यात खोट नव्हती. माळावर ससा दिसला की क्षणात सुसाट सुटणं हेच ज्याचं काम, ते जनावर दिवसातले नऊ तास दाराच्या फटीला नाक लावून बसलं होतं.

हे कुत्रं घरात शांत असतं, फारसं भुंकत नाही, दुपारभर झोपतं. तेवढ्यावर फसू नका. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला जीव तोडून पळायला कुंपणाची मोकळी जागा लागते. रस्त्यावर साखळी सोडायची नाही, कारण मांजर दिसलं की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, म्हणून तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात माणसं, लिफ्ट, वाहनं, लहान मुलं यांची ओळख करून द्यावी लागते. आणि साधा पट्टा चालत नाही. या कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा फार रुंद नसतं. मागे रेटा देऊन, कान पाडून ते पट्ट्यातून अलगद निसटतं, आणि तुमच्या हातात नुसती साखळी उरते. ओढल्यावर आवळणारा रुंद कापडी पट्टा घ्या.

दिवसभर घरी कुणी नसेल तर मी ‘नको’ म्हणेन. हातभार लावायचा दुसरा मार्ग आहे. गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या ही कुत्री सांभाळणारा एखादा मेंढपाळ किंवा शेतकरी तुमच्या ओळखीत असेलच. त्याच्या कुत्र्यांचं लसीकरण आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची चिप) यांचा खर्च उचला, आणि त्यांच्या वंशाची नोंद करून द्या. जातीला त्याचा उपयोग तुमच्या फ्लॅटमधल्या एका नसबंदी केलेल्या कुत्र्यापेक्षा जास्त होईल.

प्रश्न: मुधोळ, कारवान आणि पश्मी या तीन वेगळ्या जाती आहेत का? विकणारा ‘अस्सल मुधोळ, कारवान नव्हे’ असं सांगून जास्त पैसे मागतोय. पिल्लू चाळीस दिवसांचं आहे, कागद नाहीत.

मुधोळ हे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं जुनं संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री जोपासली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला त्यातली जोडी भेट दिली, त्यामुळे ते नाव गाजलं. आपल्याकडे लातूर, सोलापूर, सांगलीकडे याच घडणीच्या कुत्र्याला लोक कारवानी म्हणतात. केनल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद ‘कॅरॅव्हान हाउंड’ अशी करतो, इंडियन नॅशनल केनल क्लब ‘मुधोळ हाउंड’ अशी. ज्याच्या कानांवर, शेपटीवर, पायांच्या मागे रेशमी झालर असते तो पश्मी. या नावांमधल्या फरकाचे जादा पैसे देऊ नका.

कागद नसण्याला मी फारसं महत्त्व देत नाही. गावातल्या बहुतेक चांगल्या कुत्र्यांची कधी कुठे नोंदच झालेली नाही. मी आधी आई बघतो. ‘आई शेतावर आहे, नंतर दाखवतो’ म्हणणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नका. शर्यतीच्या हौसेने ग्रेहाउंड या विलायती शर्यतीच्या कुत्र्याचं रक्त घातलेली कुत्री बाजारात ‘शुद्ध’ म्हणून विकली जातात. उत्तर प्रदेशातल्या रामपूर हाउंडचं तर हेच झालं.

चाळीस दिवसांचं पिल्लू मात्र अजिबात नको. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नियम बाजूला ठेवला तरी, आई आणि भावंडांत दोन महिने काढलेलं पिल्लू चावण्याचा जोर कुठे आवरायचा ते शिकून येतं. ते शिक्षण नंतर माणसाला देता येत नाही.

प्रश्न: माझ्याकडे अडीच वर्षांची कारवानी मादी आहे. आसपास चांगला नर म्हणजे तिच्याच वेतातला भाऊ. दुसरा एक नामांकित नर आहे, पण तालुक्यातल्या जवळजवळ सगळ्या माद्या त्यालाच लावलेल्या आहेत. जात शुद्ध ठेवायची तर भावाला लावली तर काय बिघडलं?

बिघडतं. देशी जातींपुढचा सगळ्यात मोठा प्रश्न मला हाच वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक गुणाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. एका प्रतीत दोष असला तरी दुसरी चांगली असेल तर पुष्कळदा तो झाकला जातो. असे झाकलेले दोष प्रत्येक कुत्र्यात असतातच. सख्ख्या भावंडांचा संकर केला की पिल्लाला दोन्हीकडून एकाच पूर्वजाची, हुबेहूब सारखी प्रत मिळण्याची शक्यता २५ टक्के होते. बाप-लेकीच्या संकरातही तेवढीच. सावत्र भावंडांत ती १२.५ टक्के, चुलत किंवा मावस भावंडांत ६.२५ टक्के. हा हिशेब पहिल्या पिढीचा झाला. आई-बाप आधीच नात्यातले असतील तर आकडा आणखी वर जातो.

हे डोळ्यांना दिसायला वेळ लागतो. पहिलं वेत देखणं निघतं, सगळी पिल्लं एका साच्यातली, आणि मालक खूश होतो. मग वेतातली संख्या कमी होते. आठाच्या जागी पाच, पाचाच्या जागी तीन. एखादं दुधाला लागतच नाही, चौथ्या दिवशी थंड पडतं. मादी नराला लावूनही गाभण राहत नाही. तोवर दोन-तीन पिढ्या गेलेल्या असतात, आणि लोक पाण्याला नाहीतर नशिबाला दोष देतात.

नामांकित नराची गोष्ट यापेक्षाही गंभीर आहे, कारण तिथे कुणी चुकतंय असं वाटतच नाही. सगळ्यांनी आपल्या मादीसाठी तोच सुंदर नर निवडला, की पुढच्या वेळी तालुकाभरची पिल्लं एकमेकांची सावत्र भावंडं असतात. आता बाहेरचं रक्त आणायचं कुठून? गावात कुत्री भरपूर दिसतात आणि जात मात्र आतून आकसत जाते.

म्हणून तुमच्या मादीसाठी लांबचा नर शोधा. शंभर-दीडशे किलोमीटर जावं लागलं तरी जा, दुसऱ्या जिल्ह्यात बघा. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटक पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन आणि माहिती केंद्र आहे, तिथेही चौकशी करा. नर दिसायला उन्नीस-बीस असला तरी चालेल. अंगाने निरोगी, स्वभावाने स्थिर आणि नात्याने परका हवा. वयाची अट तुमची मादी पूर्ण करते. नियमानुसार अठरा महिने पूर्ण हवेत, वर्षाला एकच वेत आणि आयुष्यात पाचांपेक्षा जास्त नाहीत.

आणि एक वही घाला. आई, बाप, दोघांचे आई-बाप, वेताची तारीख, पिल्लं किती झाली, आठ आठवड्यांना किती जगली, मेली ती कशाने, कोणतं पिल्लू कुठल्या गावी कुणाकडे गेलं. मायक्रोचिप लावली असेल तर तिचा पंधरा आकडी क्रमांक. मी एकदा एका वयस्कर धनगराच्या वाड्यावर गेलो होतो. दावणीजवळ निजलेल्या मादीकडे बोट करून ते म्हणाले, ‘ही चांदीची. चांदी हरणीची. हरणी बहिणीच्या सासरहून आणली, तिची आई मोती.’ चार पिढ्या त्यांना तोंडपाठ होत्या, आणि प्रत्येक नर कुठल्या गावचा तेही. त्यांचा मुलगा शेजारीच उभा होता. त्याला चांदीच्या पुढचं एकही नाव येत नव्हतं. मी तिथेच औषधांच्या वहीच्या मागच्या पानावर सगळं उतरवून घेतलं.

प्रश्न: शेजारी म्हणतात आम्ही कारवानी कुत्र्याला उपाशी ठेवतो, बरगड्या दिसतात. भाकरी, ताक, अंडी सगळं व्यवस्थित देतो. शिवाय नसबंदी करायची आहे, त्यात काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?

कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं हे निरोगी लक्षण आहे. पाठीच्या कण्यावर बोट फिरवा. मणके टोचत असतील, मांड्या खोबणीसारख्या आत गेल्या असतील, तर मात्र जंत आणि गोचीड-ताप यांची तपासणी करा. नुसत्या भाकरीवर भागत नाही, अंडी किंवा मांस रोज हवं.

नसबंदीच्या वेळच्या भुलीचं मात्र मनावर घ्या. या कुत्र्यांच्या अंगात चरबी फार थोडी असते. थायोपेंटोनसारखं जुनं भुलीचं औषध रक्तातून चरबीत आणि स्नायूंत पसरतं, म्हणून कुत्रं शुद्धीवर येतं. इथे चरबीच कमी, आणि ग्रेहाउंडसारख्या जातींचं यकृतही ते औषध सावकाश निकालात काढतं. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात माझ्याच हातून एका पश्मी मादीला हे औषध नेहमीच्या मात्रेने दिलं गेलं. टाके दुपारी घातले, आणि ती उभी राहिली दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर मी तिच्या अंगावर गोधडी घालून, दर अर्ध्या तासाने ताप बघत बसलो होतो. ती वाचली. त्यानंतर या बांध्याच्या कुत्र्यांना मी प्रोपोफॉल हे दुसरं भुलीचं औषध आणि भुलीचा वायूच वापरतो.

तुमच्या डॉक्टरांना आधीच सांगा: ‘कारवानी आहे, ग्रेहाउंडसारखं धरा.’ ही कुत्री टेबलावर लवकर गार पडतात, तेव्हा उबेची सोयही विचारा. रक्ताचा अहवाल बघताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: ग्रेहाउंडमध्ये तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि प्लेटलेट्स कमी असतात, आणि तोच त्यांचा सामान्य आकडा असतो.

प्रश्न: राजापालयमचं तीन महिन्यांचं पांढरंशुभ्र पिल्लू आणलं. हाक मारली तर बघत नाही, झोपेत असताना दार आपटलं तरी उठत नाही. हट्टी आहे की काय?

बहुधा त्याला ऐकू येत नाही. अंगाला पांढरा रंग देणारी जी घडण, तिच्यामुळेच आतल्या कानातल्या रंगद्रव्याच्या पेशीही कमी पडतात, आणि जन्मानंतर काही आठवड्यांतच ऐकण्याच्या पेशी मरतात. राजापालयममध्ये हा दोष माहितीचा आहे. पिल्लू झोपलेलं असताना, जमीन हादरू न देता आणि वारा लागू न देता, मागून किल्ल्या वाजवून बघा. एका कानाने बहिरं असेल तर घरी कळणार नाही. त्यासाठी मेंदूच्या लहरी टिपणारी चाचणी मोठ्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करून करून घ्यावी लागते.

बहिरं कुत्रं छान जगतं. हाताच्या खुणा शिकवा, झोपेतून उठवताना आधी अंथरुणावर हलकेच थापटा, मोकळं कधीच सोडू नका. फक्त त्याच्यापासून वेत घेऊ नका. एकाच कानाने बहिरं असलं तरी नको. ज्यांनी विकलं त्यांनाही कळवा, म्हणजे तीच जोडी ते पुन्हा लावणार नाहीत.

प्रश्न: गावातली पोरं माझं कुत्रं सशाच्या मागे सोडायला नेतात. जातीचा गुण टिकायला शिकार हवीच, असं त्यांचं म्हणणं. खरंय का?

कुत्रं देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससाही संरक्षित आहे, आणि कुत्रं सोडून केलेली शिकारही शिकारच. गुन्हा तुमच्यावरही येऊ शकतो. धावण्याची ओढ रक्तातच असते, ती टिकवायला ससा मरावा लागत नाही. बंदिस्त रानात दोरीला कापडाचं झुलपं बांधून ते चाकावर ओढा, कुत्रं तितक्याच जिवाने पळेल. मुधोळची पिल्लं २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली, म्हणजे या कुत्र्याला शिकारीपलीकडचं कामही शिकवता येतं.

प्रश्न: मग रस्त्यावरचं गावठी कुत्रं देशी नाही का?

देशीच आहे, आणि तुमच्या पुण्या-मुंबईच्या घरात ते कारवानीपेक्षा सहज रुळेल. पण ते दुर्मीळ नाही. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ यांची देशी जाती म्हणून नोंद केली, नंतर हिमाचलच्या गद्दी कुत्र्याची. नोंद झालेल्या जाती इतक्या मोजक्या असताना आपल्याकडचा पश्मी कुठेच नाही, ही माझी खंत आहे. नोंदीसाठी कुत्री कुठे किती, कोणत्या घडणीची, कुणाकडे हे दाखवावं लागतं. वर सांगितलेली वही तिथेही लागते.

प्रश्न: आमच्या आजीकडे शेतावर नऊ वर्षांची पश्मी आहे. गावातली शेवटचीच. तिचं एक वेत घेता येईल का? नाहीतर वंश संपेल.

नाही. आठ वर्षांनंतर वेत घ्यायला नियमही परवानगी देत नाही, आणि या वयात गाभण राहिली तर ती व्याताना दगावू शकते. तिला आता मऊ अंथरूण, मऊ जेवण आणि उन्हाची कोवळी जागा द्या.

पण वंश संपलाय असं धरू नका. ती तरुण असताना तिची वेतं झालीच असतील. पिल्लं कोण घेऊन गेलं, कुठल्या गावी, कुठल्या सालच्या उन्हाळ्यात, हे आजींना विचारा. त्यांना तारखा आठवणार नाहीत. ‘अमक्याचं लग्न झालं त्या वर्षी’ असं सांगतील, तेच लिहून घ्या. त्यातली एखादी लेक किंवा नात चार-पाच वर्षांची, जवळपासच्या शिवारात असू शकते. ती सापडली तर मला कळवा, तिच्यासाठी लांबचा नर मी शोधून देतो.