आधी एकच रस्ता धर

भावा, कोल्हापुरात कारपूल, म्हणजे एकाच गाडीतून मिळून कामावर जायची सोय, सुरू करतोयस ना? मग ॲप नंतर कर. आधी एकच रस्ता धर. मी माझ्या कारपूलसाठी पहिल्याच महिन्यात अख्खा जिल्हा उघडला होता. नावनोंदणी झाली, पण एका वाटेवर, एका वेळेला दोघंही जुळेनात. दोनदा ‘गाडी नाही’ असं दिसलं की माणूस परत फिरकत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

तू रंकाळा ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी घे. शिफ्टच्या वेळा ठरलेल्या असतात, रोज तीच माणसं असतात. चढायच्या जागाही मोजक्याच ठेव: सायबर चौक, शाहू टोल नाका, उजळाईवाडी. दारात गाडी बोलावायची सवय लावलीस तर गाडीवालाच कंटाळतो. आणि परतीची वेळ सकाळीच विचार. जाताना सगळे जुळतात, संध्याकाळी ओव्हरटाइम लागला की एकजण गेटवर अडकतो. त्याच्यासाठी दुसरी गाडी तयार हवी.

पैशाचं नीट ऐक. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं घेऊन माणसं न्यायची तर मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे परवाना लागतो. म्हणून पेट्रोलचा खर्च वाटून घ्या, नफा नको. तरीही आरटीओत आणि विमावाल्याकडे आधी विचारून घे.

बायकांना फक्त बायकांबरोबर जायचा पर्याय पहिल्या दिवसापासून दे. कंपनीचं ओळखपत्र बघितल्याशिवाय कुणालाही आत घेऊ नकोस.

शिरोलीची वाट पुढे कधी घेतलीस तर पावसाळ्याचा विचार कर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने तिथला महामार्ग बंद पडला होता.