पिस्तूल गाडीत आणि मुक्काम एडिसनला: संघीय कायद्याचे संरक्षण कुठवर पुरते?

आपल्या पत्राचा सारांश असा. आपण पेनसिल्व्हेनियातील एक्स्टन येथे राहता, ग्रीन कार्डधारक आहात आणि आपल्याकडे काउंटीच्या शेरीफने दिलेला शस्त्र जवळ बाळगण्याचा परवाना तसेच नऊ मिलिमीटरचे एक पिस्तूल आहे. पुढील महिन्यात न्यू हॅम्पशायरमधील मित्राच्या गावी नेमबाजीच्या मैदानावर सरावासाठी हे पिस्तूल आपल्याला न्यायचे आहे. शुक्रवारी संध्याकाळी निघून रात्री न्यू जर्सीतील एडिसनला मावसभावाकडे मुक्काम करावा आणि शनिवारी पहाटे पुढे निघावे, असा बेत आहे. गाडी सात आसनी एसयूव्ही आहे. सोबत आपला मेहुणा असेल, तो एच-वन-बी व्हिसावर आहे आणि आळीपाळीने गाडी चालवणार आहे. पिस्तूल ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये कुलूप लावून ठेवले आणि परवाना खिशात असला, तर एवढे पुरेसे आहे का, अशी आपली विचारणा आहे.

हे पुरेसे नाही, आणि बेत आहे तसा अमलात आणू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. न्यू हॅम्पशायरला पिस्तूल कायदेशीरपणे नेता येते. परंतु आपल्या बेतातील निदान तीन गोष्टी, म्हणजे ग्लव्ह कंपार्टमेंट, एडिसनचा मुक्काम आणि मेहुण्याच्या हाती गाडी, या प्रत्येकी स्वतंत्रपणे आपल्याला अडचणीत आणू शकतात.

प्रथम परवान्याविषयी. पेनसिल्व्हेनियाचे वाहन चालवण्याचे लायसन्स सर्व राज्यांत चालते, म्हणून शस्त्राचा परवानाही चालत असावा, हा समज आपल्या लोकांत फार आढळतो. महाराष्ट्रात शस्त्र परवाना घेतलेल्या माणसाला तो कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हे परवान्यावरच लिहिलेले दिसते. इथे ती मर्यादा कार्डावर ठळकपणे दिसत नाही, एवढाच फरक. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्स यांपैकी एकही राज्य आपला परवाना मानत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली ब्रुएन खटल्यात घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला हे खरे. पण त्या निकालाने एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यावर बंधनकारक झाला नाही. तशी तरतूद करणारे विधेयक 2017 साली प्रतिनिधीगृहात मंजूर झाले होते, पण सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही.

मग आधार उरतो तो संघीय कायद्याच्या 18व्या शीर्षकातील कलम 926-अ याचा. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, 1986 साली शस्त्रमालकांच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यातून हे कलम आले. त्याचा आशय असा की, ज्या व्यक्तीला संघीय कायद्याने शस्त्र बाळगण्यास मनाई नाही, तिला ज्या ठिकाणी शस्त्र कायदेशीरपणे बाळगता व जवळ ठेवून वावरता येते अशा ठिकाणाहून, तशीच मुभा असलेल्या दुसऱ्या ठिकाणी, कोणत्याही कायदेशीर हेतूने ते नेता येईल, मग मधल्या राज्याचा कायदा काहीही म्हणो. अट एवढीच की प्रवासात शस्त्र रिकामे असले पाहिजे आणि शस्त्र किंवा काडतुसे यांपैकी काहीही प्रवाशांच्या बसण्याच्या जागेतून हाती येण्यासारखे असता कामा नये. आपल्या बाबतीत दोन्ही टोके पक्की आहेत: पेनसिल्व्हेनियात आपल्याकडे परवाना आहे, आणि न्यू हॅम्पशायरने 2017 पासून परवान्याची अटच काढून टाकली असून ही मुभा बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्यांनाही आहे. ग्रीन कार्डधारकाला केवळ नागरिक नसल्याच्या कारणाने संघीय कायदा शस्त्र बाळगण्यास मनाई करत नाही.

आता गाडी. सेडानला स्वतंत्र डिकी असते. एसयूव्हीला तशी ती नसते, कारण मागच्या आसनावरून हात लांब केला की सामानापर्यंत पोहोचतो. अशा वाहनासाठी कलमात खास परंतुक आहे. शस्त्र आणि काडतुसे कुलूपबंद पेटीत असली पाहिजेत, आणि ही पेटी म्हणजे ग्लव्ह कंपार्टमेंट किंवा दोन आसनांमधला कन्सोल चालणार नाही, असे तेथे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. त्याला कुलूप लावले तरी नाही. ज्या जागेला आपण सर्वांत सुरक्षित मानले, तीच कायद्याने नाव घेऊन वगळली आहे. तेव्हा पिस्तूल रिकामे करून, मॅगझिन (गोळ्या भरण्याचा खोका) काढून, टणक कुलूपबंद पेटीत ठेवावे; काडतुसे दुसऱ्या कुलूपबंद पेटीत ठेवावीत; दोन्ही पेट्या सर्वांत मागे, बॅगांच्या खाली असाव्यात. पुढे कधी सेडान घेतलीत तरी डिकीत पेटी कुलूपबंदच ठेवण्याची सवय ठेवा. शाळेच्या 1000 फुटांच्या परिसरात शस्त्र नेण्यास मनाई करणारा एक वेगळा संघीय कायदा आहे. आपल्या परवान्याची त्यातील सूट पेनसिल्व्हेनियापुरती आहे, आणि इतर राज्यांत रिकामे शस्त्र कुलूपबंद पेटीत असेल तरच त्यातून सुटका होते. महामार्गावरून जाताना शेजारी कोणती शाळा आहे हे कोण पाहत बसतो?

एडिसनच्या मुक्कामाविषयी मात्र मला विस्ताराने लिहिले पाहिजे. कलम 926-अ प्रवासाला संरक्षण देते. वाटेतल्या वास्तव्याला देते, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. 2005 साली युटा राज्यातील एक गृहस्थ विमानाने पेनसिल्व्हेनियाला निघाले होते. नेवार्कला त्यांचे पुढचे विमान चुकले, सामान त्यांच्या हाती देण्यात आले आणि त्यांना रात्र हॉटेलात काढावी लागली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की सामानात पिस्तूल आहे, आणि त्यांना अटक झाली. पुढे आरोप मागे घेतले गेले. त्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला, तेव्हा तिसऱ्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून केलेला संघीय न्यायालयीन विभाग) अपील न्यायालयाने 2010 साली निर्णय दिला की हॉटेलातील त्या रात्री शस्त्र आणि काडतुसे त्यांच्या सहज हाताशी होती, त्यामुळे कलमाचे संरक्षण त्यांना मिळत नाही. यात त्यांचा दोष काय होता, असे मलाही वाटते, आणि न्यायालयालाही त्यांच्या अडचणीची जाणीव होती. तरीही कलमाचे शब्द ओलांडता आले नाहीत. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही दोन्ही राज्ये याच सर्किटात येतात. त्या गृहस्थांवर मुक्काम विमानाने लादला होता. आपण तो आधीच आखून ठेवला आहे.

न्यू जर्सीच्या स्वतःच्या कायद्यात नेमबाजीच्या मैदानावर जाण्या-येण्यासाठी मर्यादित सवलती आहेत, परंतु वाटेतील विचलन परिस्थितीनुसार वाजवी आणि आवश्यक असले पाहिजे, अशी त्यांना अट आहे. मावशीच्या हातच्या जेवणासाठी केलेला रात्रीचा मुक्काम न्यायालय आवश्यक मानेल, यावर मी माझ्या पक्षकाराला पैज लावू देणार नाही. आणि पैज मोठी आहे. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणे हा तेथे दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा असून शिक्षा 5 ते 10 वर्षांची आहे, आणि त्यातील किमान साडेतीन वर्षे पॅरोलविना भोगावी लागतात. 2013 साली फिलाडेल्फियातील एका महिलेला वाहतूक पोलिसाने थांबवले, तेव्हा तिने स्वतःहून पिस्तूल असल्याचे सांगून पेनसिल्व्हेनियाचा परवाना दाखवला; तरी तिच्यावर खटला उभा राहिला, आणि प्रकरण 2015 साली गव्हर्नरच्या माफीनंतरच संपले. माफीच्या भरवशावर प्रवास आखता येत नाही.

आपल्यासाठी तुरुंगाहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. इमिग्रेशन कायद्यानुसार बंदूक बाळगण्यासंबंधी, कोणत्याही राज्याच्या कायद्याखाली, प्रवेशानंतर केव्हाही दोषसिद्धी झाली, तर ग्रीन कार्डधारक देशाबाहेर पाठवला जाण्यास पात्र ठरतो. त्यासाठी शिक्षा अमुक वर्षांची असावी लागत नाही. पुढील वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करणार असल्याचे आपण लिहिले आहे. म्हणून, काही विपरीत घडलेच, तर इमिग्रेशन जाणणाऱ्या वकिलाशी बोलल्याखेरीज ‘छोट्या’ कबुलीच्या कोणत्याही तडजोडीवर सही करू नका. फौजदारी न्यायालयात सौम्य वाटणारी कबुली इमिग्रेशनमध्ये दोषसिद्धीच धरली जाऊ शकते.

मार्ग बदलल्यास न्यू जर्सी पूर्णपणे टाळता येते. एक्स्टनहून उत्तरेस स्क्रॅंटनपर्यंत जावे आणि तेथून इंटरस्टेट 84 धरावा. तो डेलावेअर नदी ओलांडून थेट न्यू यॉर्क राज्यात शिरतो, न्यूबर्ग, डॅनबरी, हार्टफर्ड करत मॅसॅच्युसेट्सला पोहोचतो. या मार्गावर न्यू यॉर्क शहरही लागत नाही. सगळा प्रवास एका दिवसात होतो, म्हणून पहाटे निघून संध्याकाळी मित्राच्या घरी पोहोचावे. मात्र ही राज्येही कडकच आहेत. न्यू यॉर्कच्या दंडसंहितेत ‘भरलेले’ शस्त्र या शब्दाची व्याख्या अशी आहे की पिस्तूल रिकामे असले, पण त्यात चालणारी काडतुसे त्याच व्यक्तीकडे असली, तरी ते भरलेलेच गणले जाते. म्हणजे दोन वेगळ्या पेट्यांचा राज्याच्या कायद्यापुरता काही उपयोग नाही, तुम्हाला तारणार ते केवळ कलम 926-अ. मॅसॅच्युसेट्समध्ये परवान्याशिवाय शस्त्र बाळगल्यास किमान 18 महिन्यांची कैद आहे. पेट्रोल, जेवण आणि प्रसाधनगृह यांसाठीचे थांबे मी प्रवासाचाच भाग मानतो, जरी कलमात त्यांचा उल्लेख नाही. पण पेटी उघडू नका आणि वाटेत नातेवाईक, मॉल, मंदिर असे काही जोडू नका.

मॅगझिनविषयी आपण विचारले नाही, म्हणून मीच सांगतो. कलमात शस्त्र आणि काडतुसे एवढेच शब्द आहेत. सुट्या मॅगझिनचे नाव नाही. न्यू यॉर्क, कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये 10हून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी आहे, न्यू जर्सीतही आहे. पिस्तुलासोबत 15 किंवा 17 गोळ्यांची मॅगझिन आली असतील, तर ती घरी ठेवून 10चे घ्या. टोकाला पोकळी असलेल्या होलो पॉइंट गोळ्याही नेऊ नका. सरावाला साध्या गोळ्या चालतात, आणि न्यू जर्सीत चुकून शिरलात तर पोकळ टोकाच्या गोळ्यांसाठी स्वतंत्र गुन्हा आहे.

मेहुण्याचा प्रश्न आपल्याला किरकोळ वाटला असावा, पण तो तसा नाही. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला संघीय कायद्यानेच शस्त्र किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. अमेरिकेतील एखाद्या राज्याचे वैध शिकारीचे लायसन्स जवळ असणे हा त्यातील नेहमीचा अपवाद. अन्यथा कमाल शिक्षा 15 वर्षांची आहे, आणि जाणूनबुजून शस्त्र देणाऱ्यालाही वेगळे कलम लागते. चाक त्याच्या हाती आणि पेटीची किल्ली डॅशबोर्डवर, अशा स्थितीत ताबा कोणाचा, हा वाद सरकारी वकिलाच्या हाती देऊ नये. दोन्ही किल्ल्या आपल्याच खिशात ठेवा, शक्यतो गाडी आपणच चालवा, आणि मैदानावर एकदा फोटोपुरतेही पिस्तूल त्याच्या हातात देऊ नका.

पोलिसाने थांबवल्यास हात स्टिअरिंगवर ठेवून शांत राहावे. खोटे कधीही बोलू नये. तपासणीस संमती मागितली तर नम्रपणे नकार द्यावा. तरीही तपासणी झाली तर विरोध करू नये आणि वकिलाशिवाय पुढे बोलण्यास तयार नसल्याचे सांगावे. मैदानाच्या आरक्षणाची प्रत, मित्राचा पत्ता आणि कलम 926-अ यांची छापील प्रत जवळ ठेवा, कारण निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण आणि हेतू दाखवता आले पाहिजेत. तेवढ्याने अटक टळेलच असे मात्र समजू नका. न्यू यॉर्क आणि कनेटिकट ज्याखाली येतात त्या दुसऱ्या सर्किटनेही 2010 साली ठरवले आहे की या कलमाच्या आधारे अधिकाऱ्यांवर नागरी हक्कभंगाचा दावा करता येत नाही. ते न्यायालयात कामी येणारी ढाल आहे, रस्त्यावर दाखवायचा पास नव्हे.

हे सगळे पाहता, मित्राचेच पिस्तूल मैदानावर तात्पुरते वापरणे हा मला सर्वांत सोपा पर्याय वाटतो. खेळाच्या कायदेशीर कारणासाठी अशी तात्पुरती उसनवारी राज्याबाहेरच्या माणसालाही संघीय कायद्याने चालते. आपले स्वतःचेच न्यायचे असेल, तर वर लिहिल्याप्रमाणे स्क्रॅंटनमार्गे एका दिवसात जा आणि त्याच मार्गाने, त्याच अटी पाळून परत या. मावसभावाला भेटायला एखाद्या वेगळ्या शनिवारी जावे, पिस्तूल एक्स्टनच्या तिजोरीत ठेवून.