शब्दाची जात वाक्यात ठरते

प्रश्न : शेवटी 'ली' असेल तर तो शब्द क्रियाविशेषण, असे आम्ही शाळेत शिकलो. मग 'फ्रेंडली' हे विशेषण कसे? आणि 'फास्ट', 'हार्ड' यांना 'ली' का लागत नाही?

उत्तर : ही खूण अर्धीच खरी आहे. 'ली' कशाला जोडला आहे, हे आधी पाहावे. 'क्विक', 'केअरफुल' अशा विशेषणांना तो लागला की बहुधा क्रियाविशेषण होते. परंतु 'फ्रेंड', 'मदर', 'कॉस्ट' अशा नामांना लागला की विशेषण होते. यालाही अपवाद आहेत : 'लोन' हे विशेषणच आहे, तरी 'लोनली' क्रियाविशेषण होत नाही, आणि 'डेली' दोन्ही कामे करते.

या गोंधळाचे मूळ भाषेच्या इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत विशेषण घडवणारा एक प्रत्यय होता आणि विशेषणाच्या शेवटी 'ए' हा स्वर जोडला की त्याचे क्रियाविशेषण होत असे. पुढे शब्दांच्या अखेरचे हे स्वर उच्चारातून गळून पडले, त्यामुळे विशेषणाचा आणि क्रियाविशेषणाचा प्रत्यय एकरूप होऊन दोन्हीकडे 'ली'च उरला. 'फास्ट' आणि 'हार्ड' यांची क्रियाविशेषणेही त्या 'ए'मुळेच वेगळी ओळखू येत. तो गेल्यावर त्यांची दोन्ही रूपे सारखीच झाली. म्हणून 'ही वर्क्ड हार्ड' म्हणजे त्याने कष्ट केले. 'हार्डली' शब्द आहे, पण त्याचा अर्थच निराळा : 'ही हार्डली वर्क्ड' म्हणजे त्याने जेमतेमच काम केले. एखाद्याच्या मेहनतीची प्रशंसा करताना हा 'ली' चुकून लागला, तर प्रशंसेची तक्रार होते. 'लेट' आणि 'लेटली' यांच्यातही असाच फरक आहे : पहिला 'उशिरा', दुसरा 'अलीकडे'.

प्रश्न : 'शी लुक्स गुड' चालते, मग 'शी सिंग्ज गुड' का चालत नाही?

उत्तर : हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण ही चूक निष्काळजीपणातून होत नाही, ती मराठीतून येते. आपण 'तो चांगला गातो' आणि 'ती चांगली गाते' असे म्हणतो. येथे 'चांगला', 'चांगली' हे शब्द लिंगाप्रमाणे बदलतात, म्हणजे रूपाने विशेषणासारखे वागतात; पण ते गाणाऱ्याचा स्वभाव सांगत नाहीत, गाणे कसे आहे ते सांगतात, म्हणून ती क्रियाविशेषणेच आहेत. मराठीला या दोन कामांसाठी दोन शब्द लागत नाहीत. इंग्रजीला लागतात : नामासाठी 'गुड', क्रियापदासाठी 'वेल'. बोलण्यात 'सिंग्ज गुड' कानावर पडते, परंतु प्रमाण लेखनात 'शी सिंग्ज वेल' असेच लिहावे.

'लुक्स'चे तसे नाही. तेथे क्रियापद कर्त्याला पुढच्या विशेषणाशी जोडण्यापुरते आहे. त्याच्या जागी 'इज' ठेवले तरी वाक्य उभे राहते. मात्र हेच क्रियापद खरी क्रियाही दाखवू शकते, आणि त्या वेळी मराठी आपल्या मदतीला येते. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली. 'शी लुक्ड अँग्रिली अ‍ॅट द लेटर' म्हणजे तिने पत्राकडे रागाने पाहिले. इंग्रजीत क्रियापद एकच, मराठीत दोन. 'दिसणे' सुचले तर विशेषण, 'पाहणे' सुचले तर क्रियाविशेषण. 'स्मेल'ला 'वास येणे' आणि 'वास घेणे', 'टेस्ट'ला 'चव लागणे' आणि 'चव घेणे' हीच कसोटी लावावी. 'शी इज वेल' या वाक्यातले 'वेल' मात्र विशेषण आहे, कारण तेथे त्याचा अर्थ 'प्रकृतीने ठीक' असा आहे.

प्रश्न : 'आफ्टर' हे शब्दयोगी अव्यय की उभयान्वयी अव्यय?

उत्तर : पुढे काय आले आहे ते पाहा. 'आफ्टर डिनर' यात पुढे नुसते नाम आहे, म्हणून शब्दयोगी. 'आफ्टर ही लेफ्ट' यात पुढे कर्ता आणि क्रियापद असलेले पूर्ण वाक्य आहे, म्हणून उभयान्वयी. 'सून आफ्टर' यात पुढे काहीच नाही, म्हणून क्रियाविशेषण. 'बिफोर' आणि 'सिन्स' यांनाही हीच रीत लागू पडते.

प्रश्न : 'स्टोन वॉल' यातील 'स्टोन' विशेषण नव्हे काय?

उत्तर : काम विशेषणाचे, पण शब्द नामच. खऱ्या गुणविशेषणाला बहुधा 'व्हेरी' लावता येते. 'व्हेरी स्टोन वॉल' असे कोणी म्हणत नाही.

प्रश्न : मी इंग्रजी शिकवते. 'राउंड'पुढे शब्दकोशात पाच शब्दजाती दिसल्या. विद्यार्थ्यांना नेमकी कोणती सांगू?

उत्तर : सुटा शब्द देऊन त्याची जात विचारूच नये, असे माझे ठाम मत आहे, कारण अशा प्रश्नाला उत्तरच नसते. त्याऐवजी फळ्यावर पाच वाक्यांश लिहावेत : 'द फर्स्ट राउंड' हे नाम, 'टु राउंड द कॉर्नर' हे क्रियापद, 'अ राउंड टेबल' हे विशेषण, 'शी टर्न्ड राउंड' हे क्रियाविशेषण आणि 'दे सॅट राउंड द फायर' हे शब्दयोगी अव्यय. शेवटच्या दोन ठिकाणी अमेरिकेत बहुधा 'अराउंड' म्हणतात, तेही सांगावे. मग प्रत्येक वाक्यांशातला 'राउंड' झाकून त्या जागी दुसरा कोणता शब्द बसेल, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. 'टेबल'च्या आधी 'बिग' बसते, 'टु'नंतर बसत नाही; तेथे 'टर्न' बसते.