फंडाचा पैसा घेण्याआधी: वाचकांचे प्रश्न

परदेशी सरकारांच्या मालकीचे गुंतवणूक निधी, म्हणजे सार्वभौम निधी, यांच्याबद्दल तेच ते प्रश्न वारंवार येतात. त्यांतले काही एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: जिओत अरबांचा पैसा आला, म्हणजे कंपनी त्यांचीच झाली ना? आमच्या ग्रुपवर हेच फिरतंय.

नाही. २०२० मध्ये सौदी सरकारच्या पीआयएफ या निधीने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ११,३६७ कोटी रुपये घातले आणि त्याबदल्यात २.३२ टक्के हिस्सा मिळाला. फॉरवर्ड करण्याआधी आकडा तरी बघत जा.

प्रश्न: रस्ते, बंदरांत पैसे घालणाऱ्या अशा फंडांना करमाफी आहे म्हणे. आमच्या कंपनीलाही मिळेल?

माफी फंडाच्या उत्पन्नाला आहे, कंपनीच्या नफ्याला नाही. तुमचा कर सीएला विचारा.

प्रश्न: चाकणला आमचा छोटा कारखाना आहे. एक सल्लागार दोन लाख आगाऊ मागतो, आखाती फंडाचे पन्नास कोटी आणून देतो म्हणतो.

एक रुपयाही देऊ नका. हे फंड असे दारोदार फिरत नाहीत. दिले असतील तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

प्रश्न: आमच्या हॉस्पिटलमध्ये फंडाला फक्त १२ टक्के हवेत. ८८ आमच्याकडेच राहतील. मग वकिलाचा खर्च कशाला?

या 'फक्त'चीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कंपनीच्या मोठ्या निर्णयांसाठी जो विशेष ठराव लागतो त्याला ७५ टक्के मतं लागतात, त्यामुळे कायद्याने १२ टक्केवाला तुम्हाला अडवू शकत नाही. करार मात्र अडवू शकतो. नवं कर्ज, नवी शाखा, संचालकांचा पगार, सगळ्याला फंडाची लेखी संमती, असं कलम आत असतं. ड्रॅग-अलाँगचं कलम असेल तर फंड विकून बाहेर पडताना तुमचे शेअरही त्याच खरेदीदाराला विकायला लावू शकतो. सिंगापूर सरकारच्या मालकीची टेमासेक मणिपाल हॉस्पिटल्समध्ये १८ टक्क्यांवर होती, २०२३ मध्ये ५९ टक्क्यांवर गेली. तो राजीखुशीचा, उघड व्यवहार होता; पण छोटा हिस्सा छोटाच राहतो हे गृहीत धरू नका. 'सगळे असंच सही करतात' हे दलालाचं वाक्य आहे, त्याची दलाली सहीवर असते. टर्मशीटवर, म्हणजे कराराच्या मुख्य अटींच्या कागदावर, सही करण्याआधी फेमा (परकीय चलनाचा कायदा) जाणणाऱ्या वकिलाला गाठा, आणि तो फंडाने सुचवलेला नको.

प्रश्न: परदेशातून पैसे जमा होऊन दीड महिना झाला. शेअर दिवाळीनंतर दिले तर?

दिवाळीची वाट पाहू नका. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअरवाटप, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत रक्कम परत. वाटपानंतर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा फॉर्म. कंपनी सेक्रेटरीला उद्या नाही, आज फोन करा.