जमिनीत मुरलेलं इंधन: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न: अहिल्यानगर जिल्ह्यात आमचा पेट्रोलपंप आहे. शेजाऱ्यांच्या विहिरीत मे महिन्यात पाण्यावर बोटभर डिझेल तरंगत होतं. पावसाळ्यानंतर तवंग गेला, नुसता वास उरला. टाकीजवळची सहा फूट काळी माती उचलली की काम संपेल, असं ठेकेदार म्हणतो. उचलावी का?

उत्तर: इतक्यात नको. डिझेलची घनता सुमारे ०.८३, म्हणून ते भूजलाच्या वर बसतं आणि पातळीबरोबर खालीवर होतं. उन्हाळ्यात पाणी उतरतं तसं ते मुरुमाच्या भेगा माखत खाली जातं. पावसाळ्यात पाणी चढलं की त्यातलं बरंचसं त्याच भेगांमध्ये पाण्याखाली अडकून पडतं. पुढच्या मे महिन्यात ते सुटून पुन्हा विहिरीत दिसेल. त्यामुळे ऑक्टोबरच्या एका मोजणीवर ‘पाणी स्वच्छ झालं’ असा शेरा कुणी मारत असेल तर तो मान्य करू नका.

काळ्या मातीचंही तसंच. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि डिझेल त्या भेगांतून थेट मुरुमात उतरतं. सहा फूट माती उचलाल, ती बरीचशी स्वच्छ निघेल, पैसे जातील आणि डिझेल खाली तसंच राहील.

पहिलं काम गळती थांबवण्याचं. डिपची (टाकीतला साठा पट्टीने मोजल्याची) नोंदवही आणि विक्रीचे आकडे महिन्याचे महिने शेजारी ठेवून पाहा. डिझेल एका अंशाला साधारण ०.०८ टक्के आकुंचन पावतं. २० हजार लिटरच्या साठ्यात पाच अंशांचा फरक म्हणजे ८० लिटर. रोजची घट ‘हवामानामुळे’ म्हणून सोडून देण्याची सवय इथूनच लागते. तापमानामुळे येणारा फरक कधी वजा तर कधी अधिक येतो. सतत वजाच येत असेल तर ती गळती समजा. टाकी आणि पाइपलाइन या दोन्हींची दाबचाचणी वेगवेगळी घ्या, कारण टाकी धड असूनही लाइनचा सांधा गळत असू शकतो. निकाल येईपर्यंत ती टाकी रिकामी ठेवा.

मग निरीक्षणाच्या बोअर घ्या. पाण्याचा उतार कळायला त्रिकोणात किमान तीन हव्यात, शिवाय टाकीच्या वरच्या अंगाला, म्हणजे भूजल येतं त्या बाजूला, एक. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या खडकात, पाणी भेगांमधून वाहतं, त्यामुळे जमिनीचा उतार पाहून दिशा गृहीत धरू नका. केसिंगचा (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपचा) जाळीचा भाग मे आणि ऑक्टोबर या दोन्ही पातळ्यांना सामावून घेईल इतका लांब ठेवा. बोअरवाले सवयीने जाळी तळाशी बसवतात; मग पाण्यावर तरंगणारं डिझेल आत येतच नाही आणि अहवाल स्वच्छ निघतो. जाळीच्या वर बेंटोनाइटची (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीची) सील हवी. खडकाच्या दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा लागला तर तिथेच थांबा. तो फोडला तर खालचं चांगलं पाणीही तुम्हीच नासवाल.

बोअरमध्ये दिसणारी डिझेलची जाडी जमिनीतल्या खऱ्या जाडीपेक्षा बहुधा जास्त असते, म्हणून तिच्यावरून थेट लिटर काढू नका. डिझेल उपसून काढा आणि ते किती वेळात परत भरतं ते पाहा. भरत असेल तर स्किमर, म्हणजे फक्त वरचं इंधन उपसणारं यंत्र, लावा. मोठा पंप लावून पाणी खेचू नका, पातळी पडेल आणि डिझेल आणखी खोल माखेल. तरंगतं इंधन निघाल्याशिवाय जमिनीत हवा सोडण्याचा उपायही नको, त्याने ते आणखी पसरतं.

आणि काहीही झालं तरी बघायला म्हणून कुणीही विहिरीत उतरायचं नाही. इंधनाच्या वाफा हवेपेक्षा जड असतात, तळाशी साचतात. माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. विहिरीवरची साधी मोटर चालू करू नका. ठिणगी पुरेशी आहे.

प्रश्न: आमच्या हॉटेलच्या बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो. उकळून किंवा आरओ लावून वापरता येईल का?

उत्तर: नाही. उकळल्याने बेंझीन, म्हणजे पेट्रोलमधला कर्करोगकारक घटक, तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत येईल, आणि आरओच्या भरवशावर हे पाणी पिऊ नये. आपल्याकडे पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझीन चालतं. म्हणजे लिटरमागे जवळजवळ ९ ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. हिशेब मांडला तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझीन सुमारे ९ लाख लिटर पाणी मर्यादेबाहेर नेऊ शकतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा आणखी एक त्रास आहे: जमिनीतले जिवाणू आधी इथेनॉल खातात, त्यात प्राणवायू संपतो आणि बेंझीन न कुजता लांब जातं.

नमुना ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता घ्यावा, आम्ल घालून, बर्फात. प्लास्टिकच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीतून प्रयोगशाळेत पोचतं ते निम्मं उडून गेलेलं असतं. तोवर टँकरचं पाणी वापरा. पुढे पाणी गाळणारे कार्बनचे डबे लावायचेच झाले तर एकापाठोपाठ दोन लावा आणि तपासणी दोहोंच्या मधल्या पाण्याची करा. पहिला भरला की तिथे कळतं.

प्रश्न: डिझेल सांडलेली १० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती उचलून ठेवली आहे. जागेवरच शुद्ध करता येईल का?

उत्तर: डिझेलची असेल तर येईल, पण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवून, त्यांच्या परवानगीने. पेट्रोलची माती अशी उघडी ठेवू नका.

खाली जाड एचडीपीई (प्लास्टिकचा) कागद, चारी बाजूंनी बांध, वर ताडपत्री. ढीग दीड मीटरपेक्षा उंच नको. काळी माती हवा धरत नाही, म्हणून आकारमानाच्या १५ टक्के भाताचा तूस किंवा बगॅस (उसाचं चिपाड) मिसळा. १० ब्रास सुटी माती म्हणजे साधारण ३७ टन. तपासणीत किलोला ५००० मिलिग्रॅम डिझेल आलं असेल तर ढिगात १८५ किलो डिझेल आहे. जिवाणूंना कार्बन, नत्र, स्फुरद १००:१०:१ या प्रमाणात लागतं. त्यासाठी सुमारे ३० किलो युरिया आणि ८ किलो डीएपी. युरिया तीन हप्त्यांत द्या, एकदम दिल्यास अमोनियाने जिवाणूच मरतात. ओल इतकी की मुठीत गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. दर आठ-पंधरा दिवसांनी ढीग उलथवा. बाजारातली ‘जिवाणू पावडर’ सहसा लागत नाही. मातीत ते असतातच, त्यांना हवा मिळत नसते.

महिन्याला ढिगाच्या आतून नमुने काढा, पृष्ठभागावरून नव्हे. आकडा दोन महिने हललाच नाही तर आधी ओल आणि हवा तपासा, मग खत. तरीही अडला तर माती तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रात पाठवा. सोबत फॉर्म १० (घातक कचरा वाहतुकीचा कागद) भरलेला हवा आणि त्याची सही झालेली प्रत जपून ठेवा. शेतात भराव म्हणून ती कुणालाही फुकट देऊ नका.