मानेतली गाठ : टीबी की थायमसची सिस्ट?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या मानेत डावीकडे मऊ गाठ आहे. दुखत नाही, पण तो खोकला की फुगते. सुईच्या तपासणीत ‘लिम्फोसाइट’ (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) पेशी आल्या म्हणून आधी टीबीची शंका होती. आता सर्जन थायमसची सिस्ट म्हणतात आणि ऑपरेशन सुचवतात. नुसतं पाणी काढून भागणार नाही का? थायमस गेली तर प्रतिकारशक्ती जाईल का?

उत्तर : थायमस ही प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवणारी ग्रंथी. गर्भात ती मानेत तयार होते आणि खाली उतरत छातीत, हृदयाच्या वर स्थिरावते. वाटेत तिचा अंश राहिला आणि त्यात पाणी साठलं, की अशी गाठ होते. ती बहुतेकदा डावीकडे असते आणि मुलग्यांत जास्त आढळते. लिम्फोसाइट तर थायमसमध्ये ठासून भरलेल्या असतात. तेवढ्यावर टीबीची औषधं सुरू करू नयेत. शंका उरली तर त्याच नमुन्याची सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) करून घ्या.

खोकताना फुगते याचा अर्थ गाठ छातीपर्यंत गेलेली असू शकते. मानेतली शीर फुगली तरी असंच दिसतं, म्हणून आधी रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी. मग एमआरआय, पण तो फक्त मानेचा नको. जबड्यापासून हृदयापर्यंतचा भाग घ्यायला सांगा. त्यातून दोन गोष्टी कळायला हव्यात : गाठ खाली कुठवर गेली आहे आणि छातीतली थायमस जागेवर आहे का. ती असेल तर मानेतली सिस्ट काढल्याने प्रतिकारशक्तीला धक्का लागत नाही. तान्ह्या बाळात हे पाहणं तर फारच गरजेचं. या रिपोर्टशिवाय ऑपरेशनची तारीख ठरवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सुईने पाणी काढलं तरी आतलं अस्तर तसंच राहतं आणि गाठ पुन्हा भरते. अख्खी काढली तर ती परत येणं विरळाच. बहुतेक वेळा मानेवरचा छेद पुरतो, छाती क्वचितच उघडावी लागते. गाठ मोठ्या रक्तवाहिन्या आणि आवाजाच्या नसेला चिकटलेली असते, म्हणून मुलांच्या मानेचा सराव असलेला सर्जन हवा. नंतर आवाज घोगरा झाला किंवा पाणी पिताना ठसका लागला तर लगेच कळवा. पक्कं निदान पॅथॉलॉजीत होतं : सिस्टच्या भिंतीत थायमसच्या पेशी आणि हॅसलचे गोलक (थायमसची खूण असलेले पेशींचे गोल पुंजके) दिसतात.

तोवर गाठ एकाएकी वाढली, लाल झाली, ताप आला, गिळायला त्रास झाला किंवा श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.