नवा इग्वाना घरी रुळताना

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी, परदेशी स्थायिक होणाऱ्या एका परिचितांकडून आम्ही हिरवा इग्वाना घरी आणला. तो साधारण आठ महिन्यांचा असून शेपटीसह दीड फूट लांब आहे. दिवाणखान्यात खिडकीजवळ माशांच्या मोठ्या काचपेटीत त्याला ठेवले आहे. पहिले पाच दिवस त्याने काहीच खाल्ले नाही. आता काकडी आणि थोडा पालक खातो. अंगात ताकद यावी म्हणून आठवड्यातून दोनदा उकडलेले अंडेही देतो. मात्र पेटीत हात घातला की तो अंग फुगवतो, गळ्याखालची झूल ताणतो आणि शेपटीचे फटके मारतो. रोज तासभर घट्ट धरून ठेवले आणि धडपड थांबली की तो माणसाळेल, असे परिचितांनी सांगितल्यामुळे माझा बारा वर्षांचा मुलगा त्याला रोज धरून बसतो. डोके खाजवले की तो डोळे मिटतो, म्हणजे त्याला ते आवडत असावे. आमचे काही चुकते आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सर्वप्रथम, उद्यापासून त्याला धरून बसणे पूर्णपणे थांबवावे. आपल्या घरात त्या प्राण्यावर प्रेम आहे हे पत्रातून स्पष्ट दिसते, आणि म्हणूनच हे जरा सविस्तर लिहितो. धडपड थांबते तेव्हा इग्वाना शांत झालेला नसतो, तो थकलेला असतो. सुटकेचा मार्ग उरला नाही हे कळल्यावर तो निपचित पडतो आणि त्या हाताची भीती मनात घट्ट करून घेतो. डोळे मिटण्याचा अर्थही बहुतेक वेळा आपण समजता त्याच्या उलट असतो. नकोशी वाटणारी गोष्ट टाळता येत नसेल, तर इग्वाना डोळे मिटून ती आपल्यापुरती बंद करतो. पूर्ण माणसाळलेला इग्वाना मालकाच्या खांद्यावर बसून डोळे मिटतो तेव्हा तो निवांत असूही शकतो. पण तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या आणि हात दिसताच शेपूट उगारणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत ते भीतीचेच लक्षण धरावे.

ही भीती समजून घेतली की पुढचे सारे सोपे होते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत, नद्यांच्या काठच्या उंच झाडांवर राहणारा हा पाला खाणारा प्राणी आहे आणि त्याच्या पिल्लांवर शिकारी पक्षी, साप अशा अनेकांचा डोळा असतो. त्याच्या डोक्याच्या मध्यावर एक फिकट, गोल खवला दिसतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली यांतला फरक कळतो, त्यामुळे वरून सावली पडली की पिल्लू पळण्याच्या तयारीत येते. आता आपली काचपेटी पाहा : ती वरून उघडते, त्यामुळे खाणे ठेवणारा, पेटी साफ करणारा आणि त्याला उचलणारा प्रत्येक हात त्याच्यावर घारीसारखा झेपावत येतो. असे दिवसातून चार वेळा होत असेल, तर त्या पिल्लाने शेपूट उगारू नये अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

म्हणून माणसाळवण्याची सुरुवात हाताने न करता जागेपासून करावी. समोरून दार उघडणारा, रुंदीपेक्षा उंची जास्त असलेला पिंजरा घ्यावा किंवा सुताराकडून करून घ्यावा, आणि बसण्याच्या फांद्या आपल्या छातीच्या किंवा डोळ्यांच्या उंचीला येतील अशा बेताने तो मांडावा. उंचावर बसून माणसाकडे सरळ पाहता आले की इग्वाना फार लवकर निर्धास्त होतो. पिंजऱ्याच्या दोन बाजू आणि पाठ झाकलेली असावी, आत पानांचा थोडा आडोसा असावा, कारण ज्याला लपता येते तोच पुढे येण्याचे धाडस करतो. तळाला वाळू घालू नये, ती पोटात जाऊन आतडे तुंबू शकते. साधा कागद पुरेसा आहे. हा पिंजराही कायमचा नाही. पूर्ण वाढलेला नर शेपटीसह दीड ते दोन मीटर भरतो आणि नीट सांभाळलेला इग्वाना पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक जगतो, त्यामुळे पुढे त्याला खोलीचा एखादा कोपराच द्यावा लागेल, हे घरातल्या सर्वांनी आजच मान्य केलेले बरे.

उजेड आणि ऊब यांकडे तितकेच लक्ष हवे. खिडकीतले ऊन काचेतून येते, पण साधी काच त्यातले अतिनील-बी किरण जवळजवळ पूर्ण अडवते. या किरणांशिवाय त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेले कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे ठिसूळ होत जातात. जबडा मऊ पडणे, बोटे थरथरणे, मांड्या सुजल्यासारख्या टणक दिसणे ही त्याची लक्षणे. पाळीव इग्वाना ज्या दुखण्यांनी दगावतात त्यांत हे अग्रभागी आहे. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांकरिता मिळणारी यूव्हीबी, म्हणजे अतिनील-बी किरण देणारी ट्यूब दिवसाचे बारा तास लावावी, तिच्यात आणि प्राण्यात काच येऊ देऊ नये, आणि ती उजेड देत असली तरी सहा महिने ते वर्षभरात बदलावी, कारण दिसणारा उजेड राहतो पण हवे ते किरण क्षीण होतात. ऊब घेण्याच्या फांदीवर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास, इतरत्र २६ ते ३० आणि रात्री २३-२४ अंश तापमान राहील असे पाहावे. पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री रात्रीसाठी वेगळी, उजेड न देणारी ऊब लागेल. पचनाचे काम त्याच्या आतड्यातले जिवाणू करतात आणि त्यांना ऊब लागते, त्यामुळे थंडावलेला इग्वाना अन्न समोर असूनही खात नाही. नव्या जागेत एक-दोन आठवडे कमी खाणे नेहमीचेच आहे. तीन आठवड्यांनंतरही तो काकडीवरच असेल तर मला आधी ऊब कमी पडत असल्याची शंका येते. काचपेटी थेट उन्हात असेल, तर ती दुपारी भट्टीसारखी तापते, हा धोका वेगळाच.

अंडे आजच बंद करावे. इग्वानाचे शरीर पानांसाठी घडलेले आहे आणि प्राणिज प्रथिने त्याच्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. पालक, चुका, राजगिरा यांतल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अडते, म्हणून या भाज्या रोज नकोत. काकडीत पाण्याखेरीज फारसे काही नसते. आपल्याकडे त्याला मानवणारा पाला भरपूर मिळतो ही आनंदाची गोष्ट आहे : शेवग्याची कोवळी पाने, तुतीची पाने, जास्वंदीची पाने आणि फुले, जोडीला किसलेला लाल भोपळा आणि बारीक चिरलेली फरसबी. पशुवैद्यांच्या सल्ल्याने फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड वर भुरभुरावी. बागेतल्या झाडांवर कीटकनाशक फवारलेले नाही याची खात्री करावी. अॅव्होकॅडो मुळीच देऊ नये. सकाळी दिवा लावल्यावर तासाभराने खाणे द्यावे आणि ते शक्यतो रोज एकाच व्यक्तीने द्यावे.

ही सगळी व्यवस्था लागल्यावर पहिले दोन आठवडे त्याला स्पर्श करू नये. आपल्या मुलाने रोज ठरलेल्या वेळी पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून बसावे, अभ्यास करावा, वाटल्यास मोठ्याने वाचावे. वेळ ठरलेली असली की त्या माणसाचे येणे त्याला परके वाटेनासे होते. तो फांदीवरून हलेनासा झाला, आपल्या समोर खाऊ लागला, की दार उघडून हात आत, त्याच्यापासून दूर, तळहात वर करून नुसता ठेवावा. मग कधीतरी जास्वंदीचे लाल फूल बोटांत धरावे. लाल जास्वंदीला नाही म्हणणारा इग्वाना मी क्वचितच पाहिला आहे. फूल हातातून घेऊ लागला की बाजूने, त्याच्या नजरेसमोरून हात नेऊन खांद्याला क्षणभर स्पर्श करावा. त्याने शेपूट उगारली तर दचकून हात ओढू नये, जागच्या जागी स्थिर ठेवावा आणि तो शांत झाल्यावर मागे घ्यावा; अन्यथा फटका मारला की हात जातो, हा धडा तो पक्का गिरवतो. उचलण्याची वेळ आली की छातीखालून हात सरकवून चारही पाय आणि शेपटीचे मूळ यांना आधार द्यावा, आणि तो अस्वस्थ होण्याआधीच, अर्ध्या मिनिटात का होईना, परत फांदीवर सोडावे. शेपटीला धरून कधीही ओढू नये. माझ्या पहिल्या इग्वानाची शेपूट मी दाराच्या फटीतून निसटताना पकडली आणि ती माझ्या हातात तुटून राहिली. नवी आली, पण आखूड आणि काळपट. ती दिसली की आजही मला तो दिवस आठवतो.

या सगळ्याला किती काळ लागेल? काही पिल्ले तीन-चार महिन्यांत हातावर येतात, काहींना वर्ष-दीड वर्ष लागते. मध्येच आठवडाभर माघार घेतली तरी खचू नये. कात टाकताना तो चिडचिडा होतो, तेव्हा त्याला एकटे सोडावे. नाकपुड्यांजवळ पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नये, अंगातले जास्तीचे क्षार तो शिंकेवाटे टाकतो.

दोन गोष्टी राहिल्या. इग्वानाच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू पसरू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुणे, त्याची भांडी स्वयंपाकघरात न नेणे आणि पाच वर्षांखालील मुलांना दूर ठेवणे हे नियम घरात पाळावेत; विष्ठेची जंतांसाठी तपासणीही एकदा करून घ्यावी. दुसरी गोष्ट कायद्याची. हिरवा इग्वाना साइट्स या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने २०२२ मध्ये दुरुस्त झालेल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो आणि २०२४ च्या नियमांनुसार ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणीचा अर्ज करावा लागतो. आपले तीन आठवडे उलटले आहेत. परिचितांकडून त्यांच्या नोंदणीची कागदपत्रे ताबडतोब मागवावीत.

प्रश्न : शेतात पाइपलाइनच्या चरात घोरपडीचे पिल्लू सापडले आहे. इग्वाना माणसाळतो, तसे तिला लहानपणापासून माणसाळवता येईल का?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. इग्वाना शाकाहारी आणि अमेरिकेतला. घोरपड मांसाहारी आणि आपल्या मातीतली. दिसण्यात साम्य वाटले तरी दोघांची कुळे वेगळी आहेत. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून तिला घरात ठेवणे हा तीन ते सात वर्षांच्या कारावासाचा गुन्हा आहे. पिल्लू धडधाकट असेल तर चराला एक तिरकी फळी लावून बाजूला व्हावे, ते स्वतः चढून निघून जाईल. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. शेतातले उंदीर आणि किडे खाणारा हा प्राणी आपल्या बांधावर असणे ही शेताच्या भल्याचीच गोष्ट आहे.

प्रश्न : आमचा चार वर्षांचा नर इग्वाना पूर्ण माणसाळलेला होता. गेल्या महिन्यापासून तो नारिंगी दिसू लागला आहे, सतत डोके हलवतो आणि परवा माझ्या पत्नीच्या हाताला चावला. आमच्याकडून काय बिघडले?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्याकडून काहीही बिघडलेले नाही. प्रौढ नरांचा विणीचा हंगाम वर्षातून एकदा येतो, काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत टिकतो आणि त्या काळात नारिंगी झाक, डोक्याचे झटके, भूक कमी होणे आणि आक्रमकपणा ही सारी लक्षणे एकत्र दिसतात. त्याचे दात करवतीसारखे असतात, त्यामुळे चावा किरकोळ समजू नये. जखम स्वच्छ धुऊन डॉक्टरांना दाखवावी. पिंजऱ्याजवळचा आरसा काढावा, कारण प्रतिबिंब त्याला प्रतिस्पर्धी वाटते. हंगाम संपेपर्यंत त्याला खोलीत मोकळे सोडताना कुणी जमिनीवर बसू नये, चेहरा त्याच्याजवळ नेऊ नये आणि खाणे लांब चिमट्याने द्यावे. रंग उतरला की पहिल्यासारखे जास्वंदीच्या फुलापासून पुन्हा सुरू करावे. ओळख असल्यामुळे या वेळी फार दिवस लागणार नाहीत.